पाण्याचे सहा वाफे

मॅडमना कुणी काही चांगलं झाल्याचं सांगायला गेलं की त्या आधी विचारायच्या, "आणि पाण्याचा वाफा कुठंय?"

नवखा माणूस गोंधळायचा. आमचे विभागप्रमुख सरावलेले होते, तरी दर वेळी सापडायचे. एका सुट्टीत त्यांनी प्रयोगशाळेचं दार दक्षिणेकडून काढून पूर्वेला बसवून घेतलं आणि त्या वर्षी बी.एस्सी.चा निकाल जरा वर गेला. सर खुशीत सांगत आले, "बघा मॅडम, दाराचा गुण." मॅडम भिंगातून डोळा न काढता म्हणाल्या, "दार न हलवलेल्या वर्गाचा निकाल आणा, मग बोलू." पुढचे दोन दिवस सर आमच्याकडे चहाला फिरकले नाहीत.

पाण्याचा वाफा म्हणजे काय ते सांगते. समजा तुम्हाला एखादं द्रावण पिकावर मारून बघायचंय. तर निम्म्या वाफ्यांवर ते मारायचं आणि निम्म्यांवर नुसतं पाणी. पाण्याचे वाफेही तेवढेच तरारले, तर तुमच्या द्रावणानं काही केलं नाही. हवेनं केलं किंवा नशिबानं. आम्ही सगळ्यांनीच हे एम.एस्सी.ला पाठ केलेलं असतं. मॅडमनी ते अंगाला लावून घेतलं होतं. लग्न केलं नाहीत ते बरं झालं की वाईट, असं एका पाहुण्या बाईंनी त्यांना भर कार्यक्रमात विचारलं, तेव्हा त्या गंभीरपणे म्हणाल्या, "तुलनेला दुसरं आयुष्य नाही हो, काय सांगू?" त्या बाईंना तो टोमणा वाटला. खरं म्हणजे मॅडमनी विचार करून दिलेलं उत्तर होतं ते.

कार्यालयातला एक क्लार्क सोनारीच्या भैरवनाथाला जाऊन आला आणि पाठदुखी गेली म्हणून सांगू लागला. मॅडम म्हणाल्या, "जे गेलेच नाहीत, त्यांच्यातल्या किती जणांची गेली?" तो बिचारा हिरमुसला. आणि ह्या स्वतः मात्र दर चैत्रात यात्रेला सोनारीला हजर. ते त्यांचं कुलदैवत. मी एकदा त्यांना खिंडीत गाठलं. "तिथं मी मोजायला जात नाही," एवढंच म्हणाल्या आणि माकडानं त्यांच्या हातचा नारळ कसा पळवला त्याची गोष्ट सांगत बसल्या.

मी त्यांच्या प्रकल्पावर तीन वर्षं सहायक होते. धाराशिवच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या दोन खोल्या आमच्याकडे होत्या. मॅडम उंच, वाळकुड्या, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि कुणी त्या बुटांकडे पाहिलं की "साप" असं एका शब्दात कारण द्यायच्या. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना फार कमी पाहिलं. माझ्या खुर्चीवर मात्र त्यांचं लक्ष असायचं. मी टेकले की लगेच एखादं काम निघायचं. पहिल्या महिन्यात दोनदा राजीनामा लिहिला आणि दोनदा फाडला, हे त्यांना कधी कळलं नाही.

त्यांचं माहेर म्हणा, घर म्हणा, भूमजवळ. वडिलांची मेंढरं होती. वडील रोज तिन्हीसांजेला मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडताना मोजायचे, पण आकडा तोंडातून काढायचे नाहीत. दृष्ट लागते म्हणून. मॅडमनी ती रीत उचलली आणि तिला वेगळंच कारण जोडलं. झाडावरच्या अळ्या आम्ही दोघी वेगवेगळ्या मोजायचो. त्या आपला आकडा लिहून त्यावर तळहात ठेवायच्या आणि माझा लिहून होईपर्यंत उचलायच्या नाहीत. "आधी आकडा बोललं की दुसऱ्याच्या डोळ्याला तोच दिसतो." आकडे जुळले नाहीत तर दोघींनी पुन्हा मोजायचं. उन्हात, वाकून, पानं उलटून. माझी कंबर त्या तीन वर्षांत जी धरली ती अजून सुटलेली नाही.

आता त्या अळ्यांचं. वांग्यावर एक ठिपक्यांचा भुंगेरा पडतो. त्याच्या पिवळ्या, काटेरी अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात आणि शिरांची नुसती जाळी मागं ठेवतात. शेतकरी त्यावर विष मारतो, विषानं त्या मरतात आणि बाकीचंही पुष्कळ काही मरतं. मॅडमना विष नको होतं. त्यांना त्या अळीच्या पेशीतलं एकच जनुक गप्प करायचं होतं.

हे त्या कुणालाही समजावायच्या. अक्षरशः कुणालाही. आमचं द्रावण बर्फात न्यावं लागायचं. मोठा निळा थर्मास मांडीवर घेऊन त्या एसटीत बसायच्या आणि कंडक्टरनं सहज विचारलं, "काय मावशी, कुल्फी का?" की संपलं.

"लग्नाचा स्वयंपाक बघितलाय का तुम्ही?" त्या सुरू करायच्या. "सगळ्या पदार्थांची कृती एका बाडात लिहून घरात कुलपात ठेवलेली. ते बाड बाहेर काढायचं नाही. आतला माणूस एकेका पदार्थाची चिठ्ठी लिहून आचाऱ्याकडं पाठवतो. आचारी चिठ्ठी वाचतो आणि पदार्थ करतो. पेशीत असंच चालतं. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठी नेहमी एकेरी असते. दुहेरी चिकटवलेली चिठ्ठी दिसली की पेशी समजते, ही आपली नव्हं, शत्रूची. ती फाडून टाकते. आणि नुसती फाडत नाही, तिचा एक तुकडा हातात धरून हिंडते. त्या तुकड्याशी जुळणारी जी चिठ्ठी दिसेल ती फाडायची. मग आपण काय करायचं? अळीच्या आतड्याचं अस्तर ज्या चिठ्ठीवरून बनतं, तीच चिठ्ठी इथं बनवायची, दुहेरी करायची आणि पानावर मारून तिला खायला द्यायची. बाकीचं तीच करते. बाड जसंच्या तसं. फक्त तो पदार्थ होत नाही."

"मग अळीचं काय?" कंडक्टर विचारायचा.

"चौथ्या दिवशी खाणं सोडते. आठव्या दिवसापर्यंत मरते."

"आन् आपुन ते वांगं खाल्लं तर?"

हा प्रश्न आला की मॅडमचा चेहरा उजळायचा. चिठ्ठीतली अक्षरं त्या एका भुंगेऱ्याशीच जुळावीत, अशी त्यांनी निवडली होती. आणि नुसतं निवडून त्या थांबल्या नव्हत्या. ह्या भुंगेऱ्याचा एक सख्खा चुलता आहे, ढालकिडा. तो मावा खातो, शेतकऱ्याचा मित्र. एकाच कुळातले दोघे. शत्रूला द्यायच्या आधी दोन वर्षं मॅडमनी ते द्रावण ढालकिड्याला पाजून पाहिलं. दोन वर्षं! विभागप्रमुख कपाळाला हात लावायचे. लोक तेवढ्या वेळात चार शोधनिबंध काढतात म्हणायचे. मॅडमचं म्हणणं, आधी ज्याचं काही बिघडू नये त्याचं बघायचं. ढालकिड्याला काही झालं नाही. मगच आम्ही वांग्याकडं वळलो. कंडक्टरला हे सगळं ऐकवेपर्यंत तेर यायचं आणि तो स्वतः थर्मास उतरवून द्यायचा.

तेरला आमचं जाळीघर होतं. परवानगी जाळीच्या आतल्या प्रयोगाची होती, उघड्या रानातली नव्हती. प्रयोगाच्या सलग दोन फेऱ्यांत एकसारखा फरक दिसला तर परवानगी देणारी तज्ज्ञांची समिती उघड्या रानाला हो म्हणणार होती. मॅडमच्या निवृत्तीला वर्ष उरलं नव्हतं. सहा वर्षांचं काम त्या दोन फेऱ्यांवर येऊन थांबलं होतं आणि ते त्या बोलून दाखवत नसल्या तरी त्यांच्या बोलण्याच्या वेगावरून मला कळायचं.

जागा गयाबाईंची. पन्नाशीच्या, काटक, तेरणेच्या काठाला तीन एकर रान स्वतः कसणाऱ्या. त्यांनी जाळीघराला कोपरा दिला आणि रोज वाफ्यांना पाणी द्यायचंही पत्करलं. मॅडमना त्या "बाई" म्हणायच्या आणि त्यांच्यासाठी येसर आमटी करायच्या. मॅडम एरवी जेवताना पुस्तक वाचायच्या. गयाबाईंच्या घरी मात्र पुस्तक पिशवीत राहायचं.

बारा वाफे केले. सहांवर तांबडी फळी, सहांवर निळी. फवारणीचे दोन छोटे पंपही तांबडा आणि निळा. तांबड्यात आमचं द्रावण, निळ्यात पाणी. प्रत्येक झाडावर प्रयोगशाळेत वाढवलेल्या दहा अळ्या मोजून सोडायच्या. मेलेली अळी खाली पडते आणि मुंग्या नेतात, म्हणून आम्ही जिवंत तेवढ्याच मोजायचो. मॅडम पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "गयाबाईंना सगळं नीट सांग. काय आणि कशासाठी." मी सांगितलं. म्हणजे असं सांगितलं: "मावशी, ह्या सहांवर आमचं मारणार, त्या सहांवर नुसतं पाणी. तुम्ही फक्त पाटाचं पाणी द्या." परतीच्या बसला दहा मिनिटं होती.

गयाबाईंनी एवढंच विचारलं होतं, "तुमच्या पान्यानं काय व्हतं?"

मॅडम मागून म्हणाल्या, "अळीला मारत नाही. तिच्यातलं एक जनुक गप्प करतं."

"आन् मग?"

"मग अळी मरते."

"मंजी मारतंच की."

मॅडम म्हणाल्या, "व्हय. शेवटी मारतंच." पुढं कित्येक दिवस त्या अहवालात "नियंत्रण" लिहायच्या ऐवजी "मृत्यू" लिहू लागल्या.

पहिली फेरी दिवाळीनंतर झाली. आठव्या दिवशी तांबड्या फळीचे वाफे हिरवेगार आणि निळ्या फळीचे पाहवत नव्हते. मी उड्या मारायच्या बाकी होते. विभागप्रमुख म्हणाले, "भूमचं, खव्याच्या गावचं माणूस असून पेढे नाहीत?" मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या फेरीनंतर." मी म्हटलं, निकाल तरी चांगला आलाय म्हणा. तर म्हणतात कशा, "निकाल आलाय. चांगला काय म्हणायचं ते दुसरा आल्यावर."

दुसरी फेरी माघात लावली. तिसऱ्या दिवशी मोजायला गेलो. तांबड्या वाफ्यांत अळ्या मंदावलेल्या, थोड्या कमी झालेल्या, ते अपेक्षेप्रमाणे. मग निळ्याकडं वळलो. मी पहिल्या झाडाचं पान उलटलं, दुसऱ्याचं उलटलं. दहापैकी तीन. पुढच्या झाडावर दोन. मॅडमनी आकड्यावरून तळहात उचलला तेव्हा त्यांचाही तोच आकडा होता. पाचव्या दिवशी निळ्यात जवळजवळ काही नव्हतं. बाराच्या बारा वाफे सारखे हिरवे. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, वा, काय पीक आहे. आमच्यासाठी त्याचा अर्थ, सहा वर्षांचं काम मातीत.

एसटीत त्या काही बोलल्या नाहीत. कंडक्टरनं थर्मासकडं बघून विचारलं, तरी नाही. धाराशिव आल्यावर स्टँडवर उतरता उतरता म्हणाल्या, "निळ्या पंपात तांबड्यातलं गेलं का गं?"

"नाही मॅडम."

"आठवून सांग."

"नाही गेलं."

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत आला. पंप कुणी धुतले? कुठल्या क्रमानं? बाटल्यांची झाकणं बदलली का? तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विभागाच्या मागच्या मोकळ्या जागेत, दोन्ही पंप देऊन सगळी फवारणी पुन्हा करून दाखवायला लावली. पाण्यानंच. विद्यार्थी खिडकीतून बघत होते. मला इतका संताप आला की मी घरी जाऊन आईवर ओरडले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, चार दिवस तोच तोच प्रश्न ऐकून मला स्वतःलाच खात्री वाटेना. रात्री डोळे मिटले की माझा हात तांबड्या पंपाऐवजी निळा उचलताना दिसायचा.

समिती शुक्रवारी येणार होती. बुधवारी मॅडम कागद लावत बसल्या होत्या. विभागप्रमुखांनी येऊन हळूच सुचवलं, पहिल्या फेरीचंच दाखवा, दुसरी हवामानामुळं वाया गेली म्हणा. मॅडमनी त्यांच्याकडं असं पाहिलं की सर उठून गेले. दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता पहिल्या बसनं एकटी तेरला गेले. माझ्यावरचा डाग मला पुसायचा होता, दुसरं काही नाही.

जाळीघराचं दार उघडं होतं. आत गयाबाई निळ्या फळीच्या वाफ्यात उकिडव्या बसून पानं उलटत होत्या आणि काहीतरी टिपून डालड्याच्या जुन्या डब्यात टाकत होत्या.

"मावशी, काय करताय?"

त्या दचकल्या आणि डबा पदराखाली घेतला. मग माझा चेहरा पाहून पुढं केला. डब्यात चुलीतली राख आणि राखेत सुकलेल्या पिवळ्या अळ्या, वर दोन-चार ताज्या.

"येचतीय," त्या म्हणाल्या. "कोंबड्यांना टाकल्या आदी, तर त्या बी तोंड लावंनात. म्हनून राखंत."

"सगळ्या वाफ्यांतल्या?"

"न्हाय गं. तांबड्यांना तुमचं पानी हाय. ह्यांना कोन हाय?"

"कधीपास्नं?"

"ह्या खेपेला रोजच. मागच्या खेपेला म्या कुठं व्हते? लेकीचं बाळतपण, कळंबाला. जावंनं पानी दिलं." आणि मग त्या तावातावानं बोलू लागल्या, जणू मीच त्यांची अपराधी होते. "एका पंगतीला बारा पानं मांडली. सहा पानांत वाढलं आन् सहांना कोरं पानी दिलं. म्होरं बसून कुनी खातंय ते बघत ऱ्हायचं? आमच्या घरात असलं कदी झालं न्हाय, पोरी. बाई लई मोठ्या, त्यांना म्या काय सांगनार? म्हनून आपलं गुमान येचलं."

मी बांधावर बसले. मग सांगितलं. पाण्याचे वाफे कशासाठी असतात, समिती कधी येणार आहे, मॅडमची नोकरी कधी संपतेय, सगळं. जे तीन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं ते. गयाबाईंनी डबा खाली ठेवला आणि माझा हात धरला. "बाईंना सांगू नगं. त्या पुन्यांदा माझ्या घरची भाकर खायच्या न्हाईत."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, बसमध्ये माझ्या मनात गयाबाई नव्हत्याच. मी सुटले, एवढंच मनात होतं. दुपारी मी मॅडमसमोर उभी राहून घडाघडा बोलले, पंपाचा प्रश्न आता तरी मिटला ना, असं शेवटी वर सुनावलंही.

मॅडमनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "गयाबाईंना सांगितलं नव्हतं का आपण? कशासाठी ते?"

मी म्हटलं, "मॅडम, त्यांना काय कळणार होतं?"

"कंडक्टरला कळतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी समितीचे तिघे आले. मी संगणक लावायला दाराशी उभी होते. मॅडमनी पहिल्या फेरीचे आकडे दाखवले आणि म्हणाल्या, "दुसरी फेरी रद्द समजावी. पाण्याच्या वाफ्यांतल्या अळ्या हातानं वेचल्या गेल्या."

"कुणी वेचल्या?" एका सदस्यानं विचारलं.

"ज्या माणसाच्या हातात वाफे होते, त्याला कारण सांगायला हवं होतं. सांगितलं गेलं नाही. चूक प्रयोग लावणाऱ्याची. म्हणजे माझी."

"शेतावरची जबाबदारी सहायकाची असते ना?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. सांगायचं काम मला दिलं होतं, मी ते दहा मिनिटांत उरकलं, ही दोन वाक्यं. मी उघडलं नाही. माझ्या पुढच्या अर्जावर ह्याच लोकांच्या सह्या लागणार होत्या, हा हिशेब त्या क्षणी माझ्या डोक्यात स्पष्ट होता. ह्याची मला आजही लाज वाटते.

समितीनं फेरी पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावी असं सुचवलं. पुढच्या वर्षी मॅडम नसणार होत्या. प्रकल्प मार्चअखेर बंद झाला, मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात विभागप्रमुखांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. मॅडमनी सत्काराच्या शालीत थर्मास गुंडाळला आणि भूमला भावाच्या मळ्यावर राहायला गेल्या. मला लातूरला एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम मिळालं.

श्रावणात त्यांचा फोन आला. जाळीघराची परवानगी वर्षअखेरपर्यंत होती, द्रावणाचा उरलेला साठा विभागाच्या फ्रीजरमध्ये होता आणि तो द्यायला कुणाची ना नव्हती. "फेरी लावतेय. मोजायला दुसरं माणूस लागतं. येतेस का?" ही फेरी कुठल्याच समितीपुढं जाणार नव्हती, कुठं छापून येणार नव्हती. मी विचारलं, मग कशासाठी? "खरं काय ते मला बघायचंय," त्या म्हणाल्या.

लावायच्या दिवशी त्या दुपारपर्यंत गयाबाईंच्या ओसरीवर बसल्या. जेवल्या आणि मग बोलल्या. बाड, चिठ्ठी, आचारी, सगळं. शेवटी म्हणाल्या, "गयाबाई, ह्या सहांना म्या उपाशी नाही ठेवलं. हे साक्षीदार हायत. ह्यांनी सोसलं तरच त्या सहांचं खरं म्हणायचं."

गयाबाई सुपातले खडे निवडत होत्या. "मंजी ह्यांना खाऊ द्यायचं. डोळ्यांदेखत."

"व्हय. आठ दिस."

"आन् नवव्या दिशी?"

"नवव्या दिवशी तुम्ही म्हणाल तसं."

ते आठ दिवस गयाबाईंना फार जड गेले. पाटाचं पाणी सोडायच्या आणि निळ्या वाफ्यांकडं पाठ करून उभ्या राहायच्या. अळ्यांना शिव्या देत होत्या, त्या मी इथं लिहीत नाही. पण हात लावला नाही. शेवटच्या दिवशी आम्ही दोघी मोजायला वाकलो. तांबड्या वाफ्यांत अळी शोधावी लागत होती. निळ्यांत पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या आणि त्या शिरांवर अळ्या लगडल्या होत्या. शेवटचं झाड झालं. मॅडमनी तळहात उचलला. आकडे जुळले.

त्या आनंदानं काही बोलतील असं मला वाटलं. त्यांनी वही मिटली, डोळे पुसले, उन्हानं की कशानं ते मी विचारलं नाही, आणि दाराबाहेर पाठ करून बसलेल्या गयाबाईंना हाक मारली. "झालं मोजून."

"मग आता येचू का?"

"वेचा."

गयाबाई राखेचा डबा घेऊन आत आल्या आणि निळ्या फळीच्या पहिल्या वाफ्यात बसल्या. मॅडमनी साडीचा पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी बसल्या. मला वाटतं, मातीत बसलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. मी उभीच होते. आता तिथं समिती नव्हती, कुणाची सही लागणार नव्हती.

"मॅडम," मी म्हटलं, "मावशींना सांगायचं काम माझं होतं. मी नुसतं उरकलं. त्या दिवशी बैठकीत मी गप्प बसले."

गयाबाईंचा हात थांबला. मॅडमचा थांबला नाही.

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुझ्या आधी बोलले. तुझ्या कागदावर ते आलं असतं. माझा कागद तसाही संपत आला होता."

मला रडू आलं. गयाबाईंनी सरकून दोघींच्या मधे जागा केली. मॅडमनी राखेचा डबा माझ्यापुढं ढकलला.

"बस. आणि पानाच्या खालून बघ, वरून सापडत नाहीत."